हिरवा ठिपका तुम्ही पाहिला नव्हता

सर,

आज सकाळी एक शोधनिबंध पाठवला. आपल्या त्या पिवळ्या पदार्थाचा. त्यावर माझं नाव आहे, माझ्या विद्यार्थिनीचं आहे, तुमचं नाही. एवढंच सांगायचं असतं तर एका ओळीत संपलं असतं, पण दुपारपासून मला दुसरं काही सुचत नाहीये. टेबलावर उत्तरपत्रिकांचा ढीग पडलाय आणि मी त्याच्यावरच कागद ठेवून तुम्हाला लिहीत बसलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आधी तुमचा खोकला आठवावा लागतो. तो मात्र लगेच आठवतो. जिन्याच्या वळणावर तो ऐकू आला की आम्ही सगळे गप्पा थांबवून उगीच बीकर धुवायला लागायचो.

नाव का नाही, तर नियम तुमचाच होता. एम.एस्सी.च्या पहिल्या प्रॅक्टिकलला फळ्यावर एक अक्षरही न लिहिता तुम्ही तो सांगितलात. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याच्याखाली सही करायची नाही. पोरांचं वितळण्याचं तापमान पुस्तकातल्याशी अगदी तंतोतंत जुळलं की तुम्ही खूश व्हायच्याऐवजी खवळायचात. "पुस्तक कशाला मोजतोस? पदार्थ मोज," म्हणायचात. आणि तो हिरवा ठिपका तुम्ही पाहिला नव्हता. तेव्हा तुमच्याच नियमानं तुमचं नाव येत नाही. प्रकरण इतकं सरळ आहे, आणि तरी मी सकाळपासून अस्वस्थ आहे.

तुम्ही मला कधी नावानं हाक मारली नाहीत. मी इंदापूर तालुक्यातल्या बावड्याची, पण पहिल्या दिवशी तालुका विचारलात आणि तेच नाव पडलं. "काय इंदापूर, डेपोतून गाडी सुटली वाटतं आज?" शनिवारी मी घरी जायचे आणि सोमवारी इंदापूरला गाडी बदलून बारामतीला यायचे, उसाचे दिवस असले की वाटेत बैलगाड्यांची रांग लागायची आणि एसटी तिच्यामागं ढकलत ढकलत चालायची. उशीर व्हायचाच. तुम्ही रागवायचा नाहीत, फक्त चिडवायचात. आमच्या घरात माझ्या आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागं फिरलेले. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पाऊस तोंडावर आला की परत. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, आधीपासूनच शेती धरली होती; त्यांनी शेवटची मेंढरं विकली तेव्हा मी हायस्कुलात होते. त्या घरातून निघून मी तुमच्या प्रयोगशाळेत उभी होते, आणि तुम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं, हे मला फार आवडायचं. इतरांना एक तर फार कौतुक असायचं, नाही तर काहीच नसायचं.

तुम्ही पुण्याचे. रंगद्रव्यांवर डॉक्टरेट केलेली, मुंबईच्या कंपनीत गेला असतात तर गाडी-बंगला मिळाला असता, असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे. बारामतीला तात्पुरते म्हणून आलात आणि इथलेच झालात. पुण्यातले तुमचे जुने मित्र भेटले की "अजून तिथंच का रे?" असं विचारायचे, आणि ते सांगताना तुम्ही हसायचात, पण ते हसू जरा लवकर संपायचं. तुम्हाला बारामतीची लाज कधीच वाटली नाही. बारामतीला कुणी हसेल याची मात्र तुम्हाला फार भीती होती. मला तेव्हा हे दोन्ही एकच वाटायचं.

मग दिल्लीहून तो प्रकल्प मंजूर झाला. मोठ्या विद्यापीठांच्या रांगेत आमचं तालुक्याचं कॉलेज! तुम्ही पेढे वाटलेत आणि मला म्हणालात, "इंदापूर, पीएच.डी. करायची असेल तर आत्ता हो म्हण, उद्या मी शुद्धीवर येईन." विषय तेव्हा नवा होता. लेझरचा जो उजेड डोळ्यांना दिसतच नाही, तो काही खास स्फटिकांमधून गेला की हिरवा होऊन बाहेर पडतो. असे स्फटिक जगात तेव्हा बहुतेक खनिज क्षारांचे होते, वाढवायला अवघड आणि महाग. तुमचं म्हणणं, कार्बनच्या साध्या रेणूंपासून हेच काम होईल, आणि अधिक चांगलं होईल. अडचण रेणूंची नव्हती, त्यांच्या रचनेची होती. हे मी घरी दादांना कडब्याच्या पेंढ्यांवरून सांगितलं होतं. एक पेंढी शेंड्याकडून, एक बुडख्याकडून, अशी उलटसुलट रचली की गंजी सपाट बसते. रेणूंनाही तसंच बसायला आवडतं, पण तसे बसले की एकाचं काम दुसरा खोडतो आणि हिरवा उजेड पडत नाही. सगळ्यांचे शेंडे एकीकडे आले तरच पडतो. दादा म्हणाले, "मग समद्या एका तोंडानं रचा की." मी म्हटलं, तेच तर जमत नाहीये.

रचना जमवायची विद्या मी तुमच्या स्वयंपाकघरात शिकले, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. तुमच्या घरी दही तुम्ही लावायचात. काकूंना त्यात हात घालू द्यायचा नाहीत. संध्याकाळी मी काही तरी विचारायला आले की तुम्ही ओट्याशी उभे, दुधात करंगळी बुडवून अंदाज घेताय, आणि काकू पोळ्या लाटता लाटता म्हणताहेत, "बघ गं, यांची प्रयोगशाळा. मीठ कुठं आहे ते विचार, सांगता यायचं नाही." तुम्ही चमच्याच्या टोकाला लागेल इतकंच विरजण घेता आणि ढवळता. "कालच्या दह्यानं आजच्या दुधाला सांगायचं, कसं बसायचं ते. स्फटिकाचंही तेच आहे." तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत शब्दच तो पडला. एखादा पदार्थ चांगला जमला की त्यातली चिमूट एका छोट्या बाटलीत बाजूला ठेवायची, आणि पुढच्या वेळी द्रावण थंड होताना त्यात टाकायची. त्या बाटल्यांची एक फळीच होती. बाहेरचे परीक्षक विचारायचे, हे काय? आम्ही पोरं एका सुरात म्हणायचो, विरजण.

तुम्ही चिवटही होतात. एक्साइजचा परवाना घेऊन शुद्ध अल्कोहोल मागवायचं तर महिनोन् महिने जायचे, म्हणून तुम्ही जवळच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून कागदपत्रं करून स्पिरिटचा कॅन आणायला लागलात. मळीपासून काढलेलं ते स्पिरिट. त्याला एक गोडसर, डोक्यात चढणारा वास होता. तो आमच्या कपड्यांना लागायचा आणि एसटीत बायका माझ्यापासून जरा सरकून बसायच्या. दादा एकदा कॉलेज बघायला आले आणि तुमच्यासाठी घोंगडी घेऊन आले. दारातच चपला काढून उभे राहिले. म्हणाले, "सर, ही ठेवा. घरच्या मेंढरांची लोकर हाय. आता मेंढरं न्हाईत, ही शेवटची." तुम्ही त्यांना हात धरून आत आणलंत, खुर्चीवर बसवलंत, आणि ते गेल्यावर घोंगडी हातात घेऊन कितीतरी वेळ विचार करत राहिलात. दुसऱ्या दिवशी बघते तर घोंगडी आमच्या फ्लास्कभोवती गुंडाळलेली. द्रावण सावकाश थंड व्हायला हवं होतं आणि आपल्याकडची वीज आपल्या मर्जीनं जायची-यायची. घोंगडीला विजेची गरज नव्हती. मी घरी सांगितलं तेव्हा दादा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "ऊब धरती का पण?"

धरत होती. त्या हिवाळ्यात घोंगडी उलगडली आणि आत सुया होत्या. एरवी त्या पदार्थाच्या जाड, मळकट पिवळ्या चकत्या यायच्या. या सुया होत्या, लांब, लिंबाच्या रंगाच्या. तुम्ही फ्लास्क खिडकीशी धरलात. विरजणाची बाटली भरून ठेवली आणि बाकीचा नमुना पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत न्यायचं ठरलं. तुम्ही येणार होतात, पण नेमके परीक्षेसाठी बाहेरचे परीक्षक आले आणि तुम्ही अडकलात. मी एकटी निघाले, दौंडला गाडी बदलून, बाटली रुमालात बांधून मांडीवर. तिथं एका अंधाऱ्या खोलीत एक संशोधक विद्यार्थी बसला होता. त्यानं आधी युरिया लावला. जगभर तुलनेसाठी युरियाच लावतात, कारण त्यातूनही हिरवा उजेड पडतो. फिकट हिरवा ठिपका दिसला. मग त्यानं माझी पूड लावली. सर, काळ्या खोलीत आवाज न करता एक हिरवा ठिपका पेटला, युरियापेक्षा कितीतरी ठळक, की तो विद्यार्थीही खुर्चीतून पुढं झाला. अजून डोळे मिटले की तो तिथंच असतो.

मी परत आले. तुम्ही स्टेशनवर उभे होतात, परीक्षकांना जेवायला बसवून आलेले. "दिसला?" म्हणालात. मी म्हटलं, दिसला. तुम्ही पुढचा एकही प्रश्न विचारला नाहीत. निबंध लिहिलात, माझं नाव पहिलं घातलंत, आणि तुमच्या नावापुढं सही केलीत. न बघता. ज्या माणसानं जन्मभर त्या एका नियमापायी मुलांना नापास केलं, त्यानं माझ्या एका शब्दावर सही केली. मला त्यातलं मोठेपण तेव्हा कळलं नाही. मी फक्त परदेशातल्या अंकात नाव छापून येणार म्हणून हवेत होते.

लिहिताना तुम्ही दोन गोष्टी साफ केल्यात. कारखान्याच्या स्पिरिटचं नुसतं 'इथेनॉल' झालं. दादांच्या घोंगडीचं 'उष्णतारोधक आवरण' झालं. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "खोटं आहे का यात काही? मग? ते लोक वाचतील ना गं. मळी आणि घोंगडी वाचून काय म्हणतील?" खोटं काहीच नव्हतं. म्हणून मीही गप्प बसले.

मग त्या लोकांनी करून पाहिलं. आधी एका परदेशी प्रयोगशाळेचं पत्र आलं, मग संपादकांचं. तुमच्या कृतीनं केलं, चकत्या येतात, उजेड पडत नाही. पुण्याहूनही विचारणा झाली की पुन्हा नमुना द्या. तुम्ही त्या दिवसापासून जेवणात लक्ष देईनासे झालात, काकू सांगायच्या. तुम्ही मुंबईहून शुद्ध अल्कोहोल मागवलंत, नवी काचेची भांडी आणलीत, घोंगडी काढून घडी करून कपाटावर टाकलीत आणि तिच्या जागी द्रावण ठरावीक गतीनं थंड करणारं विकतचं यंत्र आणलंत. म्हणालात, या वेळी कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही. आणि मग विरजणाची बाटली उचललीत. मी म्हटलं, "सर, ती राहू द्या. थोडं तरी राहू द्या." तुम्ही म्हणालात, "जुनं काही नको आता. जुन्यातच घाण असेल तर?" तुम्ही बाटली बेसिनमध्ये उपडी केलीत आणि नळ सोडलात. पिवळं पाणी जाळीपाशी एकदा फिरलं आणि गेलं. मी तिथंच उभी होते. शुद्ध केल्यानं बिघडतं, असं जगातल्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. स्पिरिटचा विचार तुम्ही केला नाहीत, मीही केला नाही.

चकत्या आल्या. पुन्हा केलं, चकत्या. पुन्हा, चकत्या. पुण्याला तुम्ही स्वतः गेलात, मला नेलं नाहीत. तो विद्यार्थी अमेरिकेला निघून गेला होता. युरियाचा फिकट ठिपका दिसला आणि आपल्या पुडीतून काळोख. त्यांनी तुम्हाला सभ्यपणे सांगितलं की मागच्या वेळी बहुतेक तुलनेचा युरिया नमुन्यात मिसळला असेल, आणि पूड जाड लागली की ठिपकाही ठळक दिसतो, असं होतं कधीकधी. दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये आले तेव्हा सगळे होते. मी विचारलं, "सर, काय झालं?" आणि तुम्ही वर न बघता म्हणालात, "काय व्हायचंय? इंदापूर, शेतकऱ्याची पोर तू. एवढी लेझरपर्यंत गेलीस आणि शेवटी युरियाच बघून आलीस ना?"

सगळे हसले. वाईट माणसं नव्हती ती, विनोद चांगला होता म्हणून हसली. मलाही क्षणभर हसू आलं आणि ते तोंडावर तसंच राहिलं. इतकी वर्षं तुम्ही मला इंदापूर म्हणत होतात, त्या दिवशी पहिल्यांदा ते मला टोचलं. तुम्ही मला 'तू चुकलीस' म्हणाला असतात तर मी भांडले असते. तुम्ही सगळ्यांसमोर मला माझ्या वडलांच्या खताच्या गोणीकडं परत पाठवलंत. नंतर तुम्ही संपादकांना कळवलंत की निरीक्षणात चूक झाली, निबंध मागे घेतो. निरीक्षण माझं होतं. म्हणजे चूक माझी झाली, आणि ती छापून आली.

त्या शनिवारी मी बावड्याला गेले तेव्हा दादा खरंच उसाला युरिया टाकत होते. पाटी कमरेला, मुठीनं पेरत सरीतून चाललेले. मी बांधावर बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी पाटी खाली ठेवली, हात झटकले. "जनमभर युरिया टाकतुया मी. मला तर कवा हिरवा उजेड दिसला न्हाय." मग विचारलं, "तू बघितलास न्हवं?" मी म्हटलं, बघितला. "मग झालं की." मी त्यांच्यावरच चिडले. म्हटलं, "दादा, तसं नसतं. आपण बघून भागत नाही. दुसऱ्याला पण दिसावं लागतं." ते म्हणाले, "व्हय का? मग दुसऱ्याला दिसंपातूर तुमी काय करता?" त्यांनी पाटी उचलली आणि पुढची सरी धरली.

मी तेच केलं, सर, जे बाकीचे करतात. पीएच.डी. सोडली आणि इंदापूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. तुम्ही संशोधन सोडलंत, उपप्राचार्य झालात, वेळापत्रकं करायला लागलात. बारामतीत कधी समोरासमोर आलो तर तुम्ही "काय, बरं आहे ना?" म्हणायचात, इंदापूर म्हणायचा नाहीत. मला वाटायचं, एकदा म्हणावं. मग तुम्ही निवृत्त व्हायच्या आधीच गेलात, हृदयविकारानं, एका साध्या कामाच्या दिवशी. मी काकूंना भेटायला गेले. त्यांनी चहा केला, दही लावायला आता कुणी नाही म्हणाल्या, आणि आतून घोंगडी आणून माझ्या मांडीवर ठेवली. "तुझ्या वडलांची ना? कॉलेजातून घरी आणली होती त्यांनी. हीच घेऊन झोपायचे. मी कितीदा धुतली, पण पिवळा डाग काही जात नाही." मी डाग बघितला. तुम्ही ती थंडीसाठी घेत होतात की आणखी कशासाठी, हे काकूंना विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या रडायला लागल्या आणि ते राहून गेलं. आता काकूही नाहीत, दादाही नाहीत.

पुढं मी दुसऱ्या मार्गदर्शकांकडं, दुसऱ्या विषयात डॉक्टरेट केली. नोकरी फिरत फिरत बारामतीलाच आली, तुमच्याच विभागात, नव्या इमारतीत. आता यंत्रं आहेत, छोटा लेझरसुद्धा आहे, अंधारी खोली आहे. बेसिन स्टीलचं आहे. मागच्या हिवाळ्यात परवान्याच्या कटकटीनं अल्कोहोल संपलं, आणि भांडी धुण्यापुरतं म्हणून मी एका डिस्टिलरीतून स्पिरिटचा कॅन मागवला. माझ्या विद्यार्थिनीनं झाकण उघडलं आणि नाकाला ओढणी लावली. "ई, मॅडम, कसला वास आहे हा?" मी खुर्चीतून उठलेच. सगळी प्रयोगशाळा एका क्षणात तुमची झाली. आणि मग लक्षात आलं, की त्या सुयांमध्ये आणि चकत्यांमध्ये फरक एवढाच होता. हा वास. मळीच्या स्पिरिटमधले ते जड अंश, जे शुद्ध अल्कोहोलमध्ये नसतात. ते रेणूंना उलटसुलट बसू देत नव्हते. घाण म्हणून तुम्ही जे काढून टाकलंत, तेच पदार्थाला बसायला शिकवत होतं.

मी वर्ग दुसऱ्या बाईंना दिला आणि स्वतः करायला बसले. घरून घोंगडी आणली. विद्यार्थिनी माझ्याकडं जरा काळजीनंच बघत होती. विरजण नव्हतं, म्हणून पहिल्यांदा काहीच आलं नाही, दुसऱ्यांदा नुसता गाळ आला. नंतरच्या एका सकाळी घोंगडी उलगडली आणि आत सुया होत्या, लिंबाच्या रंगाच्या. मी फ्लास्क खिडकीशी धरला. विद्यार्थिनीनं तो माझ्या हातातून घेतला. आम्ही अंधाऱ्या खोलीत गेलो, तिनं पूड लावली, बटण दाबलं आणि तो पेटला. तोच. माझ्या तोंडून मोठ्यांदा निघालं, "सर, या, बघा!" ती मुलगी दाराकडं बघायला लागली, प्राचार्य आले की काय म्हणून.

विरजणाची बाटली आता दोन ठिकाणी ठेवलीय, एक कॉलेजात, एक माझ्या घरी. निबंधात सगळं होतं तसं लिहिलंय. मळीपासूनचं कारखान्याचं स्पिरिट असं लिहिलंय, आणि हातमागावर विणलेली मेंढीच्या लोकरीची घोंगडी असंही. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, लोक हसतील." मी म्हटलं, हसू देत. तो पदार्थ आता कुणाला फारसा हवा आहे असंही नाही, जग पुढं गेलं. पण तो आहे. मी युरिया बघून आले नव्हते.

मग नावांची जागा आली. पदार्थ तुमचा, कल्पना तुमची, घोंगडीत फ्लास्क गुंडाळायची बुद्धी तुमची, आणि मला पुण्याला पाठवणारे तुम्ही. एखाद्या गेलेल्या माणसाचं नाव घालून त्याच्यापुढं खूण करायची पद्धत आहे, मला माहीत आहे. मी ते टाइप केलं आणि पुसलं. मनाशी म्हटलं, सरांनी पाहिलं नव्हतं, नियम सरांचाच. आज मी तुमच्या जागी आहे, म्हणून हेही कळतं की पुन्हा जमेना तेव्हा निबंध मागे घेणं योग्यच होतं. मीही घेतला असता. पण मी माझ्या विद्यार्थिनीला त्या खोलीत, त्या माणसांसमोर तसं बोलले नसते. निदान मला तसं वाटतं. राग गेला की ठरवू, म्हणून मी उन्हाळाभर थांबले. तो गेला नाही. मला वाटलं होतं की ठिपका पुन्हा दिसला की तो जाईल, आणि झालं उलटंच. मी खरी होते हे सिद्ध झालं आणि ते ज्याच्या तोंडून ऐकायचं तो माणूसच नाही, याचा राग त्यात मिळाला.

तेव्हा नियम वगैरे काही नाही, सर. तुम्ही एकदा न बघता माझ्यासाठी सही केली होतीत, तेव्हा कुठं गेला होता नियम? तुमचं नाव मी रागानं गाळलं.

आज सकाळी निबंध पाठवल्यावर मी तो विभागात सगळ्यांना दाखवला. सगळ्यांनी अभिनंदन केलं, कुणी तरी सामोसे मागवले. मी दिवसभर वाट बघत होते की कुणी तरी मला विचारेल, यावर सरांचं नाव का नाही? उत्तरही तयार ठेवलं होतं. कुणीच विचारलं नाही. तुम्हाला ओळखणारं आता इथं माझ्याशिवाय कुणी नाही.